मॉडिफाइड जीपचा पुढचा ॲक्सल कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या महिंद्रा जीप, जिप्सी, थार, गुरखा आणि अलीकडे जिमनीवाल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळी उत्तरं एकाच विचाराभोवती फिरतात: डोंगरात कधी ना कधी काहीतरी तुटणारच आहे, तर काय तुटावं हे घरी बसून आपण ठरवायचं.

१. माझ्या गाडीचा पुढचा ॲक्सल बदलायची खरंच गरज आहे का?

बहुतेकांना नाही. वर्षात एकदा शाफ्ट (चाकाला फिरवणारी दांडी) तुटला म्हणून लोक ॲक्सल शोधायला निघतात. उघडून पाहिलं की क्रॉसच्या (शाफ्टचे दोन तुकडे जोडणाऱ्या सांध्याच्या) सुया गंजून पूड झालेल्या असतात, किंगपिनचे (चाक ज्या पिनांवर वळतं त्यांचे) बेअरिंग खडखडत असतात आणि हाऊसिंगमध्ये (ॲक्सलच्या लोखंडी कवचात) तेलाऐवजी चिखल असतो. हा देखभालीचा प्रश्न आहे, त्यासाठी ॲक्सल बदलायला नको. आधी बेअरिंग, सील, क्रॉस आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) नवे करा. एक पूर्ण पावसाळा गाडी चालवा आणि मग ठरवा.

गरज कधी म्हणायची? हाऊसिंगची नळी वाकू लागली. निरोगी शाफ्ट त्याच जागी दुसऱ्यांदा तुटला. ३३ इंची किंवा त्याहून मोठे टायर नक्की झाले. पुढे लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारी जोडणी) टाकायचा आहे. किंवा हवा तो रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फिरतो ते प्रमाण) तुमच्या ॲक्सलसाठी मिळतच नाही. यातल्या दोन गोष्टी लागू पडत असतील तर पुढे वाचा.

२. सॉलिड ॲक्सल आणि इंडिपेंडंट यांत माझ्या गाडीत काय आहे?

खाली वाकून पाहा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लोखंडी नळी आणि मध्ये कुठेतरी गोळा (दोन चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलचं घर) दिसला तर तो सॉलिड ॲक्सल. जुन्या विलीज घराण्यातल्या (मूळ अमेरिकन विलीज जीपवरून आलेल्या, जुन्या महिंद्रासकट) जीप आणि जिप्सीत तो पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसतो, जिमनीत कॉइल स्प्रिंगवर. २०१० ची थार सीआरडीई, २०२० ची नवी थार आणि २०२१ ची गुरखा यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. तिथे गोळा चासीला टांगलेला असतो आणि दोन्ही चाकांना वेगळे हाफ शाफ्ट जातात. अशा गाडीवाल्यांनी प्रश्न १४ आधी वाचावा.

३. डेना ३०, ४४, ६० हे आकडे सगळे सांगतात. त्यांचा अर्थ काय?

डेना ही ॲक्सल बनवणारी कंपनी. अमेरिकन जीपच्या जगात ॲक्सलची ताकद या क्रमांकांनी ओळखली जाते, म्हणून ते आपल्याकडेही रुळले. युद्धकाळातल्या विलीज एमबीला पुढे डेना २५ होता. १९७२ पासून सीजे मालिकेत (नागरी जीपमध्ये) आणि नंतर रँग्लरमध्ये डेना ३० आला; त्याचं क्राऊन व्हील (गोळ्यातलं मोठं दातेरी चाक) साधारण सव्वासात इंची आणि शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकावरच्या खाचा). डेना ४४ चं क्राऊन साडेआठ इंची, शाफ्ट ३० स्प्लाइन. डेना ६० चं पावणेदहा इंची, शाफ्ट बहुतेक ३५ स्प्लाइन.

माझा ढोबळ हिशेब असा: डेना ३० च्या तोडीचा ॲक्सल ३३ इंची टायरपर्यंत, ४४ हा ३५ पर्यंत आणि ६० त्याच्या पुढे. पण ६० च्या क्राऊनला जागा देणारा गोळाही मोठा असतो. ३३ इंची टायरवर तो लावला तर जमिनीपासूनची उंची घटते, दगडावर गाडी पोटावर नाही तर गोळ्यावर अडकते आणि स्प्रिंगखालचं वजन वाढतं ते वेगळंच. हलक्या जिप्सीखाली जड ॲक्सल घातलेल्या गाड्या मी चालवून पाहिल्या आहेत. त्या मजबूत असतात, पण जिप्सीचा चपळपणा त्यांच्यात उरत नाही.

४. इंजिन ताकदवान केलं म्हणून ॲक्सल तुटतो का? नक्की कशाने तुटतो?

इंजिनाला उगाच दोष दिला जातो. आकडे मांडून पाहा. इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.८, लो रेंज २.४६ (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा हळू गिअर; हा आकडा विलीज घराण्यातल्या स्पायसर १८ चा) आणि ॲक्सल ४.८८. गुणाकार येतो सुमारे ९,१०० न्यूटन मीटर. एवढा जोर चाकांकडे यायला तयार उभा आहे.

आता टायर किती जोर धरू शकतो ते बघा. एका पुढच्या चाकावर ४०० किलो भार, टायर ३३ इंची, कोरडा खडक, पकड ०.८ धरू. हे चाक साधारण १,३०० न्यूटन मीटरला घसरायला लागेल. म्हणजे मोकळ्या जमिनीवर ॲक्सल सुरक्षित असतो, कारण त्याच्या आधी टायर फिरतो. ओल्या लाल मातीत तर आणखी आधी.

तुटतो तो चाक अडकल्यावर. टायर दोन दगडांच्या फटीत बसला, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आहे आणि चालक क्लच सोडून रेस देतो. आता टायरला घसरायला जागा नाही, त्यामुळे १,३०० ची मर्यादा उरत नाही. त्यात आधी हवेत भिरभिरणारं चाक अचानक दगडावर टेकलं तर सगळ्या फिरत्या भागांचा वेग एका क्षणात शाफ्टवर येतो. पुढचे शाफ्ट तुटताना मी जेवढे पाहिले, त्यांतल्या बहुतेक वेळी स्टिअरिंग टोकाला होतं. त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

टायर मोठा झाला की दांडा लांब होतो. २९ वरून ३३ इंचांवर गेलात तर तीच पकड शाफ्टला सुमारे १४ टक्के जास्त पिळते. म्हणून आधी टायर नक्की करा, मग ॲक्सल. उलट क्रमाने केलं की दोनदा खर्च होतो.

५. रेशो कोणता घ्यायचा? पुढचा-मागचा वेगळा चालेल का?

वेगळा चालणार नाही. पार्ट टाइम (गरज पडेल तेव्हाच लावायच्या) फोर बाय फोरमध्ये पुढचे-मागचे प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून ॲक्सलकडे जाणारे) एकमेकांना बांधलेले असतात. रेशो जुळले नाहीत तर कोरड्या जमिनीवर ट्रान्सफर केस आतल्या आत पिळला जातो. ४.१० आणि ४.११ एवढा फरक निभतो, तो पाव टक्काही नाही. ४.८८ आणि ५.३८ मात्र कधीच जोडू नका.

निवडायचा हिशेब सोपा आहे: जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. ४.८८ ची जीप २९ वरून ३३ वर गेली तर मूळची चाल परत आणायला ५.५५ लागेल. बाजारात जवळचा आकडा ५.३८, तो पुरतो. फक्त रेशो आखूड करताना (आकडा वाढवताना) पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चाक, बारीक होतो हे ध्यानात ठेवा.

भंगारातल्या ॲक्सलवर चिठ्ठी नसेल तर क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजा: ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८. गोळा उघडायचा नसेल तर एक चाक घट्ट धरून ठेवा, दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा. तोच रेशो. लॉकर नसलेल्या डिफरन्शियललाच ही युक्ती लागू पडते.

६. गोळा डावीकडे की उजवीकडे, याने काय फरक पडतो?

सगळाच. पुढचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या ज्या बाजूने निघतो, गोळाही त्याच बाजूला हवा. विलीज घराण्यात आणि सीजेमध्ये तो उजवीकडे आहे. १९८७ च्या वायजे रँग्लरपासून तो डावीकडे गेला. म्हणजे रँग्लरचा सुंदर ॲक्सल स्वस्तात मिळाला तरी जुन्या जीपखाली तो ट्रान्सफर केस बदलल्याशिवाय बसत नाही. पैसे देण्याआधी गाडीखाली जाऊन फोटो काढा आणि ॲक्सलच्या फोटोशेजारी ठेवून बघा.

७. हाऊसिंग उलटं फिरवून गोळा दुसऱ्या बाजूला आणता येईल का?

नाही. पिनियन मागे तोंड करून ठेवला आणि हाऊसिंग उताणं केलं तर गोळा बाजू बदलतो, पण चाकं उलटी फिरायला लागतात. पुढचा गिअर टाकला की पुढची चाकं मागे ओढतील. मागच्या चाकांचा ॲक्सल वळवून पुढे वापरायचा विचारही बाद होतो, पण वेगळ्या कारणाने: त्याची चाकं स्टिअरिंगने वळूच शकत नाहीत.

खरा मार्ग म्हणजे नळ्या कापून लांब-आखूड बाजूंची अदलाबदल करणं आणि त्या मापाचे शाफ्ट बनवणं. हे काम जिग (नळ्या सरळ धरणारा साचा) असलेल्या कारागिराकडेच द्यावं. नळ्यांमध्ये एक अंशाचा फरक राहिला तरी टायर एका कडेने झिजतात.

याच ओघात हाय पिनियनबद्दलही विचारलं जातं. साध्या कापाचे क्राऊन-पिनियन पुढे वापरले की जोर दातांच्या कमजोर बाजूवर पडतो. पुढच्या ॲक्सलसाठी उलट्या कापाचा हाय पिनियन गोळा मिळतो. त्यात जोर दातांच्या भक्कम बाजूवर येतो आणि प्रोपेलर शाफ्टही दगडांपासून वर उचलला जातो. पर्याय असेल तर हाय पिनियनच घ्या.

८. बंद नकल, उघडा नकल, क्रॉस, बर्फील्ड: कोणतं बरं?

नकल म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग. जुन्या विलीज घराण्यात चाकाजवळचा सांधा एका गुळगुळीत लोखंडी गोलकाच्या आत बंद असतो. तो बंद नकल. आत तेल-ग्रीस राहतं, चिखल बाहेर राहतो, पण गोलकावर गंजाचे खड्डे पडले की सील टिकत नाही आणि मोठ्या वळणाला मर्यादा येते. उघड्या नकलमध्ये क्रॉस समोर दिसतो, झटपट बदलता येतो आणि त्याची चूकही डोळ्याला दिसते.

क्रॉसचा एक स्वभाव समजून घ्या. शाफ्ट सरळ असताना तो एकसारखा फिरतो. ३० अंश वळवला की बाहेरच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात ०.८७ ते १.१५ पट असा वर-खाली होतो आणि जोरही तसाच हेलकावतो. शिवाय कोन वाढला की क्रॉसचे कान एकमेकांना टेकायला येतात. म्हणून टोकाला वळवून रेस दिली की कान फाटतात. बर्फील्ड, म्हणजे जिप्सीत आहे तसा पिंजऱ्यात सहा छरे असलेला सांधा, कोनातही एकसारखा फिरतो, त्यामुळे स्टिअरिंगला झटके येत नाहीत. पण तो तुटला की पिंजऱ्याचे तुकडे आत अडकून स्टिअरिंगच जाम होऊ शकतं. उतारावर हे फार धोक्याचं आहे.

माझं मत: दगडांचं काम जास्त असेल तर उघडा नकल आणि चांगल्या पोलादाचे शाफ्ट, चिखल-पाणी आणि लांबचा प्रवास असेल तर उत्तम राखलेले बर्फील्ड.

९. पुढे लॉकर टाकू का?

आधी मागे टाका. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. हा दोष शाफ्टसाठी कवच आहे. लॉकर लावला की पुढच्या ॲक्सलचा सगळा जोर एकाच अडकलेल्या चाकावर येऊ शकतो. शाफ्ट मूळचेच ठेवून पुढे लॉकर टाकणं म्हणजे तुटण्याची तारीख जवळ आणणं.

टाकायचाच तर बटणाने चालू-बंद होणारा टाका. आपोआप लागणारा लॉकर पुढे असला की ओल्या घाटात फोर बाय फोर लावल्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. आणि लॉकर लावून कधीही पूर्ण वळण घेऊ नका.

१०. फ्री व्हील हब ठेवावेत का?

हो. हे हब सोडले की चाक शाफ्टपासून सुटं होतं. हातात तुटलेला शाफ्ट घेऊन घरी परतलेला कुणीही हेच सांगेल. तपशील प्रश्न १८ मध्ये.

११. ॲक्सल बसवल्यावर गाडी ६० च्या वेगाला थरथरते. टायर बॅलन्स करूनही जात नाही. का?

पहिला संशय कॅस्टरवर. नकलच्या वरच्या आणि खालच्या पिनांची रेघ थोडी मागे कललेली असावी लागते, साधारण ४ ते ६ अंश. त्यामुळेच स्टिअरिंग सुटल्यावर सरळ येतं. अडचण अशी की सॉलिड ॲक्सलमध्ये नकल आणि गोळा एकाच हाऊसिंगला जोडलेले आहेत. प्रोपेलर शाफ्टचा कोन सुधारायला पिनियन वर उचलला की तेवढाच कॅस्टर जातो.

माझ्या पहिल्या जीपला एका गॅरेजात पाट्यांच्या बैठका पिनियनचा कोन बघून वेल्ड केल्या होत्या. प्रोपेलर शाफ्ट सुरेख बसला, पण कॅस्टर जवळजवळ शून्य उरला. पहिल्याच खड्ड्यात हँडल हातातून सुटून इतकं जोरात हललं की अंगठा दुखावला. बैठका ग्राइंडरने कापून पुन्हा बसवाव्या लागल्या. तेव्हापासून माझी पद्धत एकच: बैठका आधी नुसत्या टाक्यांवर धरायच्या, चाकं लावून गाडीचा पूर्ण भार ॲक्सलवर आणायचा, अँगल गेजने नकलवर कोन मोजायचा आणि मगच पक्कं वेल्ड. दोन्ही कोन एकत्र जमत नसतील तर कॅस्टर राखा आणि प्रोपेलर शाफ्टला दुहेरी सांधा लावा. नकल कापून फिरवणं हा शेवटचा उपाय.

कॅस्टर बरोबर असेल तर किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोकं आणि कॉइलच्या गाडीत पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांडीचे) बोल्ट या क्रमाने तपासा.

१२. पाट्यांच्या खालून ॲक्सल नेला. आता खड्ड्यात गाडी आपोआप वळते.

ॲक्सल पाट्यांखाली नेल्यावर गाडी बरीच उचलली जाते, पण स्टिअरिंग बॉक्स तिथेच राहतो. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) तिरकी होते आणि चाक वर-खाली झालं की स्टिअरिंगही ओढलं जातं. उपाय: नकलच्या वर बसणारा उंच स्टिअरिंग आर्म, म्हणजे लिंक पुन्हा आडवी होईल. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवर बसलेला दांडा) गरम करून वाकवू नका. तो तुटला तर हातात काहीच उरत नाही.

१३. जुन्या बाजारातून ॲक्सल घेताना काय पाहू?

लष्करी लिलावातल्या जिप्सींचे ॲक्सल आणि जुन्या जीपचे ॲक्सल बाजारात फिरत असतात. जाताना ओळंबा, टेप आणि टॉर्च न्या.

आधी नळी. ॲक्सल दोन ठोकळ्यांवर सपाट ठेवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा. दोऱ्यातलं अंतर मध्येच बदललं तर नळी वाकलेली आहे, घेऊ नका. मग दोन्ही हबवर ओळंबा धरून बघा. एका बाजूचं चाक वेगळं कललेलं दिसलं तर तो अपघाताचा माल समजा. मग गोळ्याचं झाकण उघडायला लावा. विकणारा नको म्हणाला तर परत फिरा. तेल दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलेलं आहे. पिनियन घट्ट धरून क्राऊन पुढे-मागे हलवून बघा. ठीक असलेल्या जोडीत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर एवढीच मोकळीक असते. तेलात कालवलेला शेंदूर चार दातांना लावून फिरवला की घासण्याचा ठसा दिसतो. तो दाताच्या मधोमध हवा.

शेवटी स्प्लाइन. शाफ्ट उजेडात धरून बघा. स्प्लाइन दोरखंडासारख्या पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट तुटायच्या वाटेवर आहे.

१४. थारचं इंडिपेंडंट काढून सॉलिड ॲक्सल बसवू का?

मला विचाराल तर शंभरातल्या नव्वद जणांनी करू नये. इंडिपेंडंटमध्ये गाडी उंच केली की हाफ शाफ्टचे कोन वाढतात आणि सांधे लवकर जातात, हे खरं. दगडांवर चाक लांबवर खाली सोडायला सॉलिड सरस, हेही खरं. पण बदलताना बैठका, स्टिअरिंग, ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळं नव्याने जुळवावं लागतं. एवढ्या पैशात आधीच सॉलिड ॲक्सल असलेली जुनी जीप उत्तम तयार होते आणि थार रस्त्यासाठी शाबूत राहते. माफक उंची, मागे लॉकर, चांगले टायर एवढ्यावर थार खूप लांब जाते. शिवाय प्रश्न १६ आहेच.

१५. ब्रेक आणि चाकाचे बोल्ट जुळतील का?

जुनी जीप, जिप्सी आणि जिमनी तिन्हींना पाच बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ आहे. नव्या थारला सहा बोल्ट, वर्तुळ तेच. जेके रँग्लरला पाच बोल्ट पण १२७. पुढे-मागे वेगळे पडले तर स्टेपनी एकच नेता येत नाही, हा मोठा तोटा. ड्रमचा ॲक्सल काढून डिस्कचा लावला तर मास्टर सिलिंडरही तपासावा लागतो. डिस्कला तेल जास्त लागतं आणि ड्रमसाठी लाइनीत दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह डिस्क घासत ठेवतो.

१६. हे कायदेशीर आहे का?

रस्त्यावर, नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. म्हणून अशी गाडी खासगी जागेत आणि स्पर्धेत चालवा आणि तिथवर ट्रेलरवर न्या. २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी ज्या गाड्या बांधल्या जातात, त्यांचं काम हेच.

१७. ओढा ओलांडल्यावर दर वेळी ॲक्सलमध्ये पाणी जातं. सील नवे आहेत.

दोष ब्रीदरचा. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि कुठून तरी आत ओढते. ब्रीदर बुजलेला असेल तर ती सीलच्या ओठातून पाणीच ओढते. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली, बॅटरीच्या उंचीपर्यंत वर न्या. आणि ओढ्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी थांबवा.

१८. जंगलात पुढचा शाफ्ट तुटला. परत कसं यायचं?

आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतं का ते बघा, हलक्या हाताने. अडकत असेल तर गाडी हलवू नका. तुकडे काढावेच लागतील. मोकळं फिरत असेल आणि फ्री व्हील हब असतील तर दोन्ही सोडा, टू व्हील लावा आणि हळू निघा. अशा ॲक्सलमध्ये चाक स्पिंडलवर (नकलला जोडलेल्या स्थिर नळीवर) फिरतं, शाफ्टवर नाही, म्हणून शाफ्ट नसला तरी चाक जागेवर राहतं.

शाफ्ट बाहेर काढावा लागला तर नळीचं तोंड उघडं राहतं आणि पहिल्याच उतारावर गोळ्यातलं तेल ब्रेकवर येतं. स्वच्छ फडकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे घट्ट बसवा आणि घरी पोचल्यावर ते काढायचं आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा.

अपवाद रँग्लरसारख्या युनिट बेअरिंगच्या ॲक्सलचा. तिथे बाहेरचा स्टब (शाफ्टचा चाकाकडचा तुकडा) आणि त्याचा नटच बेअरिंग आवळून धरतो. तो काढून गाडी चालवली तर बेअरिंग सुटतं. क्रॉस काढा, आतला शाफ्ट काढा, पण स्टब हबमध्ये परत बसवून नट आवळा.

आम्ही पेटीत नेहमी एक लांब आणि एक आखूड शाफ्ट, दोन क्रॉस, सर्कलिप, एक लिटर गिअर ऑइल, ग्रीसचा डबा आणि स्पिंडल नटचा पाना ठेवतो. पाना विसरलेल्या गाडीत बाकी सगळं असूनही आम्ही एक रात्र ओढ्याकाठी काढली आहे.